कलबुर्गीत मैदान शोधताना

गेल्या मार्गशीर्षात माझ्यावर एक निराळेच काम येऊन पडले. पेशाने मी गाण्याचा मास्तर. माझ्याकडे लोक येतात ते मुलाचा गळा तपासून घ्यायला, नाही तर तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला. पण कलबुर्गीला दिलेली माझी चुलत बहीण म्हणाली, ‘दादा, तू आता पंधरा-वीस दिवस इथे आहेस. मुलांना रोज खेळायला एखादी चांगली जागा शोधून दे. आम्हांला चार वर्षांत सापडली नाही.’

कलबुर्गी म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचे गुलबर्गा. २०१४ च्या नोव्हेंबरापासून सरकारी कागदांवर ते कलबुर्गी झाले. माझे तिकडे जाणे होते ते हुमनाबादजवळच्या माणिकनगरामुळे. श्रीमाणिकप्रभूंच्या संस्थानात दत्तजयंतीला संगीताचा दरबार भरतो, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अगदी शेवटी शेवटी, मिसरूड फुटायच्या वयात रुजू झाले. पुढे राज्य विलीन झाले, कारखाना मिटला, मी त्यांना पन्नाशीत झालो. पण माणिकनगरची वारी त्यांनी सोडली नाही, आणि त्यांच्यामागे मीही ती चालवतो. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदी-उर्दूतही आहेत. एकाच बैठकीत तीन-चार भाषा कानांवर पडाव्यात आणि कोणालाही त्याचे नवल वाटू नये, असा तो मुलूख. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे मैदानाच्या गोष्टीत याचा संबंध येणार आहे.

बहिणीच्या सासरचे घराणे मूळचे भालकी तालुक्यातले. निजामी अमदानीत बिदर हा एकच मोठा जिल्हा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे राहिले. मराठी घरे होती तिथेच होती; सरहद्द मात्र त्यांच्या अंगणातून गेली. या घराचा भालकीचा वाडा अजून उभा आहे, पण नोकरी आणि मुलांच्या शाळा यांपायी मेहुणे कलबुर्गीला आले आणि सेडम रस्त्याच्या बाजूला एका नव्या वसाहतीत त्यांनी घर बांधले. तिकडे वसाहतीला ‘लेआउट’ म्हणतात. शब्द आता कानडीत आणि तिथल्या मराठीत पुरता मुरला आहे.

लेआउट मोठा टापटिपीचा. रस्ते सरळ, घरे रंगवलेली, प्रत्येक फाटकाशी एक मोटार. नाही ते मूल. संध्याकाळी पाचला मी गच्चीवर उभा राहिलो तर चहूकडे शंभर-सव्वाशे घरे दिसत होती, आणि ऐकू येत होते काय, तर कुकरच्या शिट्या! भाचा नऊ वर्षांचा, भाची सहा. शाळेची गाडी चारला सोडते, साडेपाचला शिकवणी, मधल्या वेळात मोबाइल. शाळेला मैदान आहे म्हणतात, पण त्यावर शाळेच्याच बसगाड्या उभ्या असतात. मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा शाळेला क्रीडांगण असावे असे सांगतो. त्यावर बसगाड्या उभ्या करू नयेत, हे कायद्यात लिहायचे कोणाला सुचणार? शाळेचे नाव सांगण्यात हशील नाही. आपल्याकडेही अशा शाळा कमी नाहीत.

असो. शोध घरापासून सुरू केला.

पहिली पायरी अर्थात लेआउटचे उद्यान. ते सापडायला वेळ लागला नाही. लोखंडी कुंपण, रंगीत फाटक आणि फाटकावर पाटी. उघडण्याच्या वेळा, आणि खाली मनाई: सायकल आणू नये, चेंडू खेळू नये, हिरवळीवर जाऊ नये. आत दोन घसरगुंड्या, एक झोका आणि प्रौढांसाठी व्यायामाची यंत्रे. भाची दहा मिनिटे रमली. भाच्याने घसरगुंडीवर उलटे चढण्याचा प्रयत्न केला, रखवालदाराने हटकले, आणि तो बाकावर येऊन बसला तो उठेचना. नऊ वर्षांच्या मुलाला घसरगुंडीवरून घसरायचे नसते, तिच्यावर चढायचे असते, ही गोष्ट उद्याने बांधणाऱ्यांना केव्हा कळणार कोण जाणे. शिवाय या मुलखात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. उघड्यावरच्या घसरगुंडीला तेव्हा हात लावून पाहावा! त्या उद्यानात सावली देणारे एकही झाड नव्हते. शोभेचे ताडासारखे काही तरी होते, त्याची सावली मांजरालाही पुरती ना.

मग शहरातली नावाजलेली ठिकाणे पाहिली. पब्लिक गार्डन जुने आहे, तिथे झाडी आहे. शरणबसवेश्वरांच्या देवळाजवळचा तलाव तर फारच रम्य. संध्याकाळी काठाने हिंडावे, हरभऱ्याचे सोलाणे खावेत. पण ही रविवारची ठिकाणे झाली. आईबापांना वेळ असेल, वाहन असेल, मूड असेल, तेव्हा मुलाला मिळणारी. चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर गेलो तर तिथे पोरे गणवेशात, ओळीने धावत होती, आणि बाजूला पालक वेळ मोजत होते. खेळाडू घडवायला ती जागा उत्तम असेल. पण तालीम निराळी आणि खेळ निराळा.

किल्ल्यात मात्र मन रमले. कलबुर्गीच्या किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे. हिंदुस्थानातल्या बहुतेक मशिदींना असते तसे उघडे अंगण तिला नाही, सबंध इमारत छपराखाली. कमानींच्या आत उभे राहून हलकेच षड्ज लावला तर तो कितीतरी वेळ फिरत राहील, असे वाटून गेले. लावला नाही, जागा प्रार्थनेची. बाहेर तटाच्या आतल्या मोकळ्या जागेत मात्र पोरांचे क्रिकेट रंगले होते. भाचा लगेच त्यांच्यात घुसला. तासाभराने घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, ‘मामा, उद्या परत?’ उद्या परत कसे? घरापासून रिक्षाने पाऊण तास. पुन्हा वास्तू सरकारी संरक्षणातली. तिथे पोरांनी रोजचा खेळ मांडावा, असे कोणी म्हणणार नाही.

इथवर आल्यावर मी जागा पाहायची पद्धत बदलली. गाण्याच्या मास्तराला डोळ्यांपेक्षा कानांचा भरवसा अधिक. कोणत्याही मैदानाच्या कडेला पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहावे. जिथे एकाच मोठ्या माणसाची शिट्टी ऐकू येते, ती शिकवणी. जिथे आयांच्या ‘पडशील, उतर’ एवढ्याच हाका ऐकू येतात, ती बाग. जिथे भांडण ऐकू येते ते मैदान. आउट झाला की नाही, रेषेला पाय लागला की नाही, डाव कोणाचा. आणि ते भांडण दोन मिनिटांत मिटलेले ऐकू येते, कारण खेळ पुढे न्यायचा असतो आणि अंधार पडत आलेला असतो. मिटवायला कोणी मोठा आलेला नसतो, ही त्यातली खरी गोम.

गळ्याचेही सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा सूर हल्ली वाईट नसतो, कान तर पूर्वीपेक्षा तयार असतात. कमी पडतो तो दमसास. दोन आवर्तने झाली की छाती भात्यासारखी हलते. हुतूतू खेळलेले मूल दम कसा राखायचा ते पोटातूनच शिकलेले असते. कबड्डीतली चढाई नियमाने तीस सेकंदांची. तीस सेकंद एका दमात तोंडाने शब्द चालू ठेवून पाय पळवायचे! अशा मुलाला ख्याल शिकवायला मला निम्मेच कष्ट पडतात. हा माझा वैयक्तिक ठोकताळा आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. पण आपल्या बडोद्यात गाणे आणि आखाडा यांचे कधी वाकडे नव्हते. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव इथलेच. हुतूतूला नियमांची शिस्त लावणारा हिंदविजय जिमखानाही, १९२३ च्या सुमाराला, इथलाच.

नाताळची सुटी लागली तसे मुलांना घेऊन बिदर पाहायला गेलो. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून ही सफर सोपी झाली आहे. बिदरला बरीदशाही थडग्यांभोवती बाग आहे. अली बरीदचे थडगे चारी बाजूंनी उघडे. वारा आरपार वाहतो आणि मुले त्या चौथऱ्याभोवती गरगर फिरतात. तिथे माझ्या लक्षात आली ती माती. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. कलबुर्गीची स्टेशनवाट चिखलाने बरबटलेली, चपलेला शेरभर चिखल. आणि बिदरला दहा वाजता पोरे कोरड्या जमिनीवर धावत होती. कारण सरळ आहे. बिदर वसले आहे जांभ्याच्या पठारावर; पाणी पडले की भुसभुशीत दगडातून खाली झिरपते. तोच जांभा बिदरच्या किल्ल्याच्या तटाला आहे आणि तोच खंदकात खोल कोरलेला दिसतो. कलबुर्गीची जमीन काळी, तुरीची. पावसाळ्यात ती पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की गोटी गेली की गेली. पोरे चेंडू काठीने उकरून काढतात! तेव्हा काळ्या मातीच्या मुलखात मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. वर मुरमाचा थर हवा, आणि पाणी जायला उतार हवा. घसरगुंडीवर होतो त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही, पण घसरगुंडीचे उद्घाटन होते आणि मुरमाचे होत नाही.

जागा शेवटी सापडली ती आम्हां कोणाला नाही. बहिणीच्या सासूबाईंना सापडली, आणि ती त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

वसाहतीच्या मागच्या टोकाला अर्ध्या एकराचा एक पडीक तुकडा आहे. एका कडेला कडुलिंब, दुसऱ्या कडेला बांधकामाचा राडारोडा, पलीकडे तुरीची शेते. सासूबाई रोज संध्याकाळी त्या लिंबाखाली जाऊन बसतात. तिथे दहा-बारा पोरे खेळतात: कडेच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या गवंड्यांची, रखवालदारांची, पलीकडच्या जुन्या गावठाणातली. काही कानडी, काही दखनी उर्दू बोलणारी, काही तांडूर-नारायणखेडकडची तेलुगू. बहिणीने मुलांना तिथे पाठवले नव्हते. ‘कोण कुठली मुलं, काय भाषा शिकतील,’ हे तिचे म्हणणे. आणि खरे सांगायचे तर हे म्हणणे तिचे एकटीचे नव्हते; लेआउटमधल्या निम्म्या घरांचे होते. राडारोडा, कुत्री, साप ही कारणे सगळे जण मोठ्याने सांगत. हे कारण हळू आवाजात.

मी सासूबाईंबरोबर जाऊन बसलो. त्या दिवशी पोरांचा विटीदांडू चालला होता. कानडीत त्याला चिन्नीदांडू म्हणतात. एक तेलुगू पोरगा विटी टोलवून दांड्याने अंतर मोजू लागला: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु… तशी सासूबाई ताडकन सरळ बसल्या. ‘अगं बाई! ही तर आमचीच मोजणी की! वकट, लेंड, मूंड, नाल!’

वाचकहो, ज्यांनी लहानपणी विटीदांडू खेळला आहे त्यांना वकट, लेंड, मूंड हे शब्द परके नाहीत. गावोगाव त्यांत थोडा फरक होतो, कुठे झक्कू आधी येते, कुठे आर, पण सुरुवात बहुतेक ठिकाणी हीच. आपण ते निरर्थक समजून ओरडत आलो. ते निरर्थक नाहीत. ते आकडे आहेत. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पुण्यासाताऱ्याचे मूल, जन्मात तुंगभद्रा न पाहिलेले, विटी टोलवताना दक्षिणेच्या भाषेत मोजत होते, आणि त्याला ते कोणी शिकवले नव्हते. त्याच्याआधी खेळून गेलेल्या मुलांनी शिकवले होते. शाळामास्तरांच्या हाती हे काम दिले असते तर तीन पिढ्यांत शब्द बुडाले असते.

सासूबाई कानडी अस्खलित बोलतात. बाजारात त्यांना कोणी मराठी म्हणून ओळखत नाही. मी विचारले, ‘आई, तुम्ही कानडी कुठे शिकलात?’ त्या म्हणाल्या, ‘भाऊ, शिकायचं काय त्यात? देवळाच्या कट्ट्यावर कुंटेबिल्ले खेळताना ती पोरगी म्हणायची तुझा पाय रेषेवर पडला, मी म्हणायची नाही पडला. रोजच भांडायचं. भांडायला यायला नको का?’ कुंटेबिल्ले म्हणजे आपली टिक्करपाणी. शहाबादी फरशीच्या घरांवर खडूने किंवा कोळशाने आखायची, लंगडी घालायची. शहाबाद याच कलबुर्गी जिल्ह्यातले. तेव्हा ज्यांच्या माजघरात ही करडी फरशी आहे, त्या आपल्या प्रत्येक घरात या जिल्ह्याचा एक तुकडा पसरलेला आहे म्हणा ना.

सासूबाईंच्या नातवाला मात्र कानडी येत नाही. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, शाळेतली कानडी परीक्षेपुरती. ज्या गावात त्याने आयुष्य काढायचे, त्या गावाशी भांडायला त्याच्यापाशी शब्द नाहीत. मोठा झाला की तो हे गाव सोडणार, हे बहिणीने जवळजवळ धरूनच ठेवले आहे. मला या ठिकाणी बडोद्याची आठवण झाली. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या मराठी घरांत आपण वाढलो. आपली गुजराती आपण शिकलो कुठे? शाळेत नव्हे. सतोडियुं आणि थप्पो खेळताना, भमरडा फिरवताना, लखोट्या हरताना. पाच-सहा पिढ्या आपण इथे पाहुणे न होता राहिलो, त्यात गायकवाड सरकारची पुण्याई आहेच, पण गल्लीतल्या त्या संध्याकाळींचाही वाटा आहे. आज आपल्याही नातवंडांच्या गुजरातीचे काय झाले आहे, ते ज्याने त्याने घरी पाहावे.

दुसऱ्या दिवशी मी भाचरांना हात धरून तिथे नेले. बहीण काही बोलली नाही. सासूबाई बोलल्या होत्या. पहिला दिवस भाच्याने लिंबाला टेकून काढला. दुसऱ्या दिवशी लगोरी होती. लगोरीला मराठीत लगोरी आणि कानडीतही लगोरीच. तिथे दुभाष्याची गरज लागली नाही. त्या पोरांची लगोरी पाहण्यासारखी: शहाबादी फरशीचे सात तुकडे, खालचा मोठा, वरचा लहान, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बांधकामावरचा टाकाऊ माल! चौथ्या दिवशी भाचा घरी आला तो गुडघा फोडून आणि एक कानडी शब्द घेऊन. शब्द सभ्य नव्हता. बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी तंबोरा काढून बसलो.

पण जागा सापडणे निराळे आणि जागा राहणे निराळे. त्या तुकड्यावर कोणाचे तरी मंगल कार्यालय उठणार, अशी कुजबुज वसाहतीत होती. जागा मोकळी दिसते, म्हणजे ती कोणाची नाही, आणि कोणाची नाही म्हणजे कोणाचीही, असा आपला सार्वजनिक हिशेब असतो. वस्तुतः लेआउटचा आराखडा मंजूर होतानाच त्यात उद्यानासाठी, क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवावी लागते. कर्नाटकात तर उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे. बंगळूरच्या सदाशिवनगरात उद्यानाची म्हणून राखलेली जागा एका न्यासाला इस्पितळ बांधायला दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९९१ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. इस्पितळासारखे सत्कार्यदेखील उद्यानाच्या जागेवर उभे करता येत नाही, तर मंगल कार्यालयाची काय कथा! घर घेताना लोक पाण्याचे, वास्तूचे, दिशेचे सगळे पाहतात. आराखड्यात मुलांची जागा कुठे आहे आणि आज ती कशी आहे, हे पाहणारा माणूस मला तरी भेटला नाही.

मेहुणे सरकारी नोकरीतले, कागदाला न भिणारे. त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून मंजूर आराखड्याची नक्कल मागवली. ती हातात आली तेव्हा मी बडोद्याला परतलो होतो. त्यांनी छायाचित्र धाडले. लिंबाचा तो तुकडा आराखड्यात हिरव्या रंगात आहे, उद्यान म्हणून. फाटक-पाटीचे जे उद्यान आहे ते त्याच्याखेरीज निराळे. मग चाळीस-एक सह्यांचा अर्ज गेला. सह्यांमध्ये पहिली सासूबाईंची, मोडीवळणाच्या मराठीत. जागा जशी आहे तशी मोकळी राखावी, राडारोडा उचलावा, मुरूम टाकावा, एवढीच मागणी. घसरगुंडी मागितलेली नाही. यावर वसाहतीत पुष्कळ वाद झाला. काहींना कुंपण हवे होते, पाटी हवी होती, ‘बाहेरची’ मुले नको होती. सासूबाईंनी त्यांना काय ऐकवले ते मेहुण्यांनी फोनवर सांगितले, पण ते छापण्याजोगे नाही.

आपल्याला वाटते की मैदान म्हणजे शिवाजी पार्क. तेवढे असेल तर उत्तमच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक नावाच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाने निराळा मार्ग धरला. १९४७ पासून तीसेक वर्षांत त्याने त्या शहरात सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या. बहुतेक इवल्याशा, दोन घरांमधली रिकामी जागा, रस्त्याचा कोपरा, पडलेल्या इमारतीचा भूखंड. वाळूचा हौद, उड्या मारायला दगड, लोंबकळायला दांड्या, बसायला बाक, बस्स. मूल घरातून निघाले की आपले आपण तिथे पोचावे, हा हिशेब. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात मुलांना फळ्या, विटा, जुने सामान देऊन मोकळे सोडणारे मैदान निघाले होते. त्या कल्पनेचा जनक सोरेनसेन हा बागांची आखणी करणारा माणूस. आखीव बागेपेक्षा मुले राडारोड्यात जास्त रमतात, हे त्याने पाहिले होते. सेडम रस्त्यावरच्या राडारोड्याकडे मी तेव्हापासून जरा आदराने पाहतो. सळया आणि काचा तेवढ्या वेचून काढल्या पाहिजेत.

अर्जाचे लेखी उत्तर अजून आलेले नाही. मंगल कार्यालयाची कुजबुज मात्र थांबली आहे, कारण आराखड्याची नक्कल मेहुण्यांनी वाण्याच्या दुकानात भिंतीवर चिकटवून ठेवली आहे. मुरूम सरकारी आला नाही. वर्गणी काढून दोन ट्रॅक्टर टाकला, आणि तो पसरला गवंड्यांनी, मजुरी न घेता. लिंबाखाली फरशीचे दोन बाक झाले. लेआउटमधली आणखी सात-आठ मुले येऊ लागली आहेत. बहिणीचा निरोप आला की उन्हाळा सुरू झाल्यापासून डाव सकाळी सहाला भरतो आणि आठ वाजता मोडतो. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत कोणी बाहेर पडत नाही. पाण्याची सोय तिथे नाही. म्हणून लिंबाच्या बुंध्याशी एक माठ ठेवला आहे, आणि तो भरण्याच्या पाळ्या घरांत लावून दिल्या आहेत, पत्र्याच्या खोल्या धरून. या आठवड्यात पाळी आमच्या बहिणीची आहे.